एका क्लॅव्हिकॉर्डची पाठवणी

१७८१ साली हॅम्बुर्गमधल्या एका घरातून एक जुनं वाद्य कायमचं बाहेर पडलं. विकणारा होता कार्ल फिलिप एमानुएल बाख, थोरल्या योहान सेबास्टियन बाखचा मुलगा, वय ६७. घेणारा होता डीट्रिश एवाल्ड फॉन ग्रोथुस नावाचा तरुण बॅरन, राहणारा कूरलँडचा, म्हणजे आजच्या लाटव्हियातल्या मुलखाचा. वाद्य होतं क्लॅव्हिकॉर्ड, गोटफ्रीड सिल्बरमान या सॅक्सनीतल्या कारागिराच्या हातचं. आणि वाद्याच्या सोबत बाखने एक रचना दिली. ई मायनरमधला एक रोंडो, नाव साधं आणि सरळ: 'माझ्या सिल्बरमान क्लॅव्हिकॉर्डला निरोप, एका रोंडोत'.

पाचसात मिनिटांत संपणारी ही रचना. मोझार्ट-बेथोव्हनच्या सोनाटांएवढी ती गाजली नाही, मैफलींत क्वचितच ऐकू येते. पण अठराव्या शतकातला, एकट्याने वाजवायचा, पट्ट्यांच्या वाद्यावरचा एकच रोंडो कुणाला ऐकवायचा असेल तर मी हाच ऐकवीन. रोंडो हा त्या काळात करमणुकीचा मामला होता. त्यात विरह मावेल असं फार थोड्यांना वाटत असावं. बाखने तो मावतो हे दाखवलं, आणि ज्या वाद्याचा विरह त्याच वाद्याच्या अंगभूत गुणावर ती रचना बेतली.

आधी रोंडोविषयी. अभंगाचं ध्रुवपद जसं प्रत्येक कडव्यानंतर परत येतं, तसं रोंडोत मुख्य चाल परत परत येते आणि मधल्या जागी वेगवेगळी कडवी येतात. फ्रान्समध्ये हा प्रकार आधीपासून रुळलेला. फ्रांस्वा कुपरँच्या हार्पसिकॉर्डच्या दुसऱ्या पुस्तकात (१७१७) 'ले बारिकाद मिस्तेरिएझ' आहे, ती या घराण्यातली सगळ्यांत नामांकित रचना. तिथे ध्रुवपद दर वेळी जसंच्या तसं येतं, त्याच सुरावर, त्याच थाटात. ऐकणाऱ्याला ते येणार हे माहीत असतं, ते आलं की बरं वाटतं, एवढाच त्याचा करार.

१७७० नंतर युरोपात रोंडोची लाट आली. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, हॅम्बुर्ग, जिथे घराघरांत मुली पियानो शिकत होत्या तिथे रोंडो हवा होता. चाल सोपी, लक्षात राहणारी, आणि चुकलं तरी पुढच्या ध्रुवपदाला सावरून घेता येणारी. जर्मन विद्वानांना ही लाट खटकत होती. योहान निकोलाउस फोर्कलने १७७८ साली आपल्या टीकाग्रंथात रोंडोवर सविस्तर लिहिलं, आणि चांगला रोंडो कसा असावा याचा नमुना म्हणून त्याने एमानुएल बाखचाच रोंडो समोर ठेवला.

बाख मात्र विद्वत्तेच्या आसनावर बसून बोलणारा माणूस नव्हता. बर्लिनमध्ये प्रशियाच्या फ्रीडरिश राजाच्या पदरी त्याने जवळजवळ तीस वर्षं काढली होती. राजा बासरी वाजवायचा, बाख साथ करायचा. राजाचा बासरीगुरू क्वांट्स याला वर्षाला २००० थालर मिळत आणि बाखची सुरुवात ३०० वर झाली होती. १७६८ साली तो हॅम्बुर्गला आला, आपला धर्मपिता टेलेमान याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. पाच मोठ्या चर्चच्या संगीताची जबाबदारी, दर वर्षी एक नवं पॅशन (येशूच्या यातनांची संगीतकथा), सणावाराचं, नेमणुकांचं, मिरवणुकांचं संगीत. या धबडग्यात त्याने स्वतःचा एक छापील उद्योगही उभा केला. 'जाणकारांसाठी आणि रसिकांसाठी' या नावाचे सहा संग्रह त्याने १७७९ ते १७८७ या काळात स्वतःच्या खर्चाने काढले. छपाई लाइपझिगच्या ब्राइटकोफकडे, वर्गणीदारांची नावं आधी गोळा करून. दुसऱ्या संग्रहापासून त्यात रोंडो आले, सगळे मिळून तेरा. रोंडोंमुळे खप वाढतो, कित्येक लोक तेवढ्यासाठीच पुस्तक घेतात, हे त्याने स्वतः पत्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. विकलं जाणारं ते करायचं आणि ते करताना हातचं काही राखून ठेवायचं नाही, हे त्याला जमत होतं.

कारण त्याचे रोंडो त्या लाटेतल्या इतरांसारखे नाहीतच. त्याच्याकडे ध्रुवपद परत येतं, पण कुठे येईल याचा भरवसा नाही. कधी अगदी परक्या सुरावर उगवतं. कधी दोन मात्रा चालून मध्येच थांबतं. कधी त्याचा एक तुकडाच घेऊन बाख त्याच्याशी बोलत बसतो. कुपरँचा करार त्याने मोडला आणि रोंडोला एक नवा गुण दिला: ऐकणारा ध्रुवपदाची वाट बघतो, आणि ते आल्यावर ते तेच आहे का असा प्रश्न त्याला पडतो.

या छापील तेरा रोंडोंच्या मुखपृष्ठावर ते फोर्टेपियानोसाठी आहेत असं नमूद आहे. फोर्टेपियानो म्हणजे आजच्या पियानोचा पूर्वज, हातोडीचा. निरोपाचा रोंडो मात्र क्लॅव्हिकॉर्डचा. हा फरक समजायला क्लॅव्हिकॉर्डचं झाकण उघडावं लागतं.

मी मिरजेची. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेला जायची वाट होती. भोपळे वाळत घातलेले, तबलीवर रंधा फिरतोय, घोडीवर कानस फिरवून जवारी काढणारा कारागीर एक तार पुन्हा पुन्हा छेडतोय, हे बघतच मोठी झाले. शिकले मात्र पेटी. पुढे संसार हॅम्बुर्गमध्ये झाला आणि इथे पियानोही शिकले, त्यामुळे पट्ट्यांच्या वाद्यांशी बोटांची ओळख जुनी. तरी एका क्लॅव्हिकॉर्ड बनवणाऱ्याच्या कार्यशाळेत पहिल्यांदा त्या वाद्याला हात लावला तेव्हा मला पेटी किंवा पियानो आठवला नाही, सतार आठवली.

लांबट, उथळ पेटी, टेबलावर ठेवता येईल एवढी. तारा पट्ट्यांना आडव्या, डावीकडून उजवीकडे ताणलेल्या. प्रत्येक पट्टी म्हणजे लाकडाची एक सरळ दांडी, आणि तिच्या मागच्या टोकावर पितळेची एक छोटी पात उभी ठोकलेली. बोटाने पट्टी दाबली की मागचं टोक वर उचललं जातं आणि ती पात खालून तारांच्या जोडीला भिडते. बस, एवढंच यंत्र. पियानोत हातोडी तारेवर आपटून लगेच मागे पडते. एकदा सूर निघाला की वाजवणाऱ्याचा त्याच्यावर अधिकार संपतो, तो फक्त सूर कधी थांबवायचा ते ठरवू शकतो. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते आणि तिथेही तेच. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पात तारेला भिडलेलीच राहते. तारेची एक बाजू वाजते, दुसऱ्या बाजूला तारांमधून लोकरी पट्टी ओवलेली असते, ती त्या बाजूला गप्प ठेवते. बोट उचललं की पात खाली जाते आणि सगळी तार त्या लोकरीच्या ताब्यात जाऊन मुकी होते. म्हणजे बोट पट्टीवर असेपर्यंत बोट आणि तार यांच्यामध्ये एक लाकडाची दांडी आणि एक पितळेची पात, एवढंच अंतर. तारेची थरथर बोटाला जाणवते.

आता दाब थोडा वाढवला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. सैल सोडला की उतरतो. तेच हलक्या हाताने सलग केलं की सुराला आंदोलन मिळतं. जर्मन वादक त्याला 'बेबुंग' म्हणत. बाखने १७५३ साली छापलेल्या वादनग्रंथात त्याची खूणही दिली आहे: एका स्वरावर काही टिंबं आणि त्यांच्यावर एक कमान. पेटी शिकलेल्या माणसाला हे किती मोठं वाटतं ते सांगायला हवं. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या मुख्य आक्षेपांपैकी एक हाच होता की पेटीवर मींड येत नाही, सूर जागचा हलत नाही. क्लॅव्हिकॉर्डवरही सतारीची लांबलचक मींड येणार नाही. पण पट्टी दाबून सूर जिवंत ठेवता येतो, त्याला हलवता येतं.

याची किंमत आवाजात मोजावी लागते. शेजारी दोन माणसं बोलू लागली तर क्लॅव्हिकॉर्ड ऐकू येत नाही. दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसाठी ते वाद्य नाही, मैफलीसाठी तर नाहीच. शिवाय ते वाजवणाऱ्याची परीक्षा बघतं. बोट भीत भीत ठेवलं तर पात तारेला धड भिडत नाही आणि सूर गुदमरतो. अंगात बळ आणून दाबलं तर सूर चढून बेसूर होतो. मधली जागा फार अरुंद आहे, आणि ती प्रत्येक वाद्यावर वेगळी.

सिल्बरमानच्या वाद्यावर ती जागा रुंद होती, असं म्हणायला पुरावा आहे. गोटफ्रीड सिल्बरमान मुळात ऑर्गन बांधणारा, कार्यशाळा फ्राइबेर्गला. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शचा ऑर्गन त्याचा, फ्रीडरिश राजाच्या राजवाड्यातले पियानोही त्याचे. तो वारला १७५३ साली. म्हणजे विक्रीच्या वेळी बाखचं क्लॅव्हिकॉर्ड किमान २८ वर्षांचं होतं. योहान फ्रीडरिश राइशार्ट हा तरुण संगीतकार बाखचं वादन ऐकून आला आणि १७७६ साली छापलेल्या प्रवासपत्रांत त्याने लिहिलं की संथ लयीत एखादा लांब सूर बाख धरतो आणि त्याच्यात बारीक-मोठ्याच्या साऱ्या छटा आणतो, आणि असं या सिल्बरमानवरच शक्य आहे.

त्याआधी, १७७२ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडचा चार्ल्स बर्नी आला होता. संगीताचा इतिहास लिहायचा म्हणून हा माणूस युरोप पालथा घालत होता. बाखने त्याला वरच्या खोलीत नेलं आणि सिल्बरमानपाशी बसून काही रचना वाजवल्या. जेवण झाल्यावर बर्नीने पुन्हा आग्रह केला, तेव्हा बाख बसला तो रात्री अकराच्या सुमारापर्यंत जवळजवळ न थांबता वाजवत राहिला. बर्नीने त्याचं रूप टिपून ठेवलं आहे: नजर एका जागी खिळलेली, खालचा ओठ सुटलेला, चेहऱ्यावरून घाम ठिबकतोय. वारंवार असं वाजवायला बसवलं तर मी पुन्हा तरुण होईन, असं बाख म्हणाला, हेही त्यानेच नोंदवलं. आणि एक निरीक्षण या लेखाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं: संथ भागांत लांब सूर धरायची वेळ आली की बाख त्या वाद्यातून दुःखाचा, तक्रारीचा असा आर्त स्वर काढतो की तो फक्त क्लॅव्हिकॉर्डवरच निघावा, आणि बहुधा बाखकडूनच. निरोपाचा रोंडो लिहिला जाण्याआधी नऊ वर्षं बर्नी तो स्वर ऐकून गेला होता.

तेच वाद्य बाखने १७८१ मध्ये दिलं. ग्रोथुसला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याचा उल्लेख 'माझं लाडकं' असा केला. करुण रोंडोही लिहिता येतात हे तुम्हाला पटावं म्हणून एक सोबत देतो, आणि तो तुमच्या या वाद्याशिवाय दुसऱ्यावर नीट वाजायचा नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. ग्रोथुसने नंतर स्वतः लिहून ठेवलं की वाद्य चांगल्या हाती जातंय याचा बाखला आनंद होता, पण ते निघताना लाडक्या मुलीला निरोप देणाऱ्या बापासारखा तो हळवा झाला. बॅरनने उत्तरादाखल स्वतः एक रचना केली, सिल्बरमान मिळाल्याच्या आनंदाची.

आपल्याकडे हे वाचताना पाठवणीच डोळ्यांसमोर येते, आणि एका कूरलँडच्या बॅरनलाही तीच सुचावी याचं मला नवल वाटतं. पण बाखच्या घरातली हकीकत बघितली की ते वाक्य आणखी जड होतं. त्याची मुलगी अ‍ॅना कारोलीना त्या वेळी तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, आईवडिलांपाशीच राहणारी. तिची पाठवणी त्याने कधी केलीच नाही. आणि धाकटा मुलगा, आजोबांचं नाव लावणारा योहान सेबास्टियन, चित्रकार होता. तो १७७८ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, रोमला वारला. या दुःखाचा रोंडोशी संबंध जोडायचा अधिकार मला नाही. इतकंच म्हणते की निरोप म्हणजे काय हे त्या घराला सांगावं लागत नव्हतं.

आता रचनेकडे. पानावर नजर टाकली तरी कळतं की हा घाईचा रोंडो नाही. चाल लहान लहान श्वासांची, सूर वरच्या टेकूवरून खालच्या स्वरावर उसासा टाकत उतरणारे, मध्ये विराम. हळू आणि मोठ्याच्या खुणा दाट. आणि लांब स्वरांवर टिंबांची ती कमान, बेबुंगची. ध्रुवपद पहिल्यांदा येतं तेव्हा ते फक्त एक उदास चाल असते. मग बाख त्याच्या नेहमीच्या पद्धतीने त्याला घराबाहेर काढतो, परक्या सुरांवर नेतो, तुकडे करतो, क्षणभर उजेडात आणून पुन्हा मागे घेतो. आनंदी रोंडोत ध्रुवपद परत आलं की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. इथे ते परत येतं तेव्हा आपण निघायचं ठरवून पुन्हा तिथेच उभे आहोत असं वाटतं. रोंडोचा साचा तोच, त्याचं परत येणंही तेच, पण त्या परत येण्याचा अर्थ उलटला. सोनाटात हे साधलं नसतं. सोनाटा पुढे जात राहतो. सोडवत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागे वळायची सोय फक्त रोंडोत होती, आणि खप वाढवायला हाती घेतलेल्या प्रकारात ती सोय बाखला दिसली, ही त्याची प्रतिभा.

हीच रचना मी घरच्या पियानोवर वाजवते तेव्हा चाल तीच राहते, सुरावट तीच राहते, आणि बेबुंगच्या खुणेपाशी मात्र हाताला काही करायला उरत नाही. पट्टीवर बोट कितीही हलवलं तरी हातोडी केव्हाच मागे गेलेली असते. वाजवणारे तिथे वेगवेगळ्या युक्त्या करतात, कुणी तो सूर हळूच पुन्हा छेडतं, कुणी पेडलवर भागवतं. कुठलीच समाधान देत नाही. क्लॅव्हिकॉर्डवर त्याच जागी सूर निघाल्यानंतर बोट त्याला दाबून धरतं, तो किंचित चढतो, कापतो, खाली येतो, आणि मग तुम्ही बोट उचलता. त्या एका सुरात वाजवणारा त्या तारेला अजून धरून असतो. बाखने बॅरनला लिहिलेलं ते वाक्य नम्रतेचं किंवा वाद्याच्या कौतुकाचं नव्हतं, ती वस्तुस्थिती होती.

यानंतरची हकीकत थोडक्यात. १७८७ च्या मार्चमध्ये मोझार्टने व्हिएन्नात ए मायनरमधला रोंडो लिहिला, एकट्या पियानोसाठी, तोही संथ, तोही विलक्षण उदास. आधी १७८६ च्या जानेवारीत लिहिलेल्या डी मेजर रोंडोची चाल मात्र लंडनच्या योहान क्रिस्टियान बाखच्या एका चालीशी जुळते. हा क्रिस्टियान म्हणजे एमानुएलचा सावत्र भाऊ. वडील गेल्यावर तो पंधराएक वर्षांचा असताना एमानुएलनेच त्याला बर्लिनला नेऊन शिकवलं होतं. उदास रोंडोची वाट मोझार्टला स्वतःचीच सापडली की एमानुएलच्या छापील संग्रहांमुळे थोडी सोपी झाली, यावर मी पैज लावणार नाही. पण रोंडो केवळ करमणुकीचा नाही हे १७८७ पर्यंत जर्मन मुलखात सिद्ध झालेलं होतं, आणि ते सिद्ध करणाऱ्यांत बाख पुढे होता.

१७८८ च्या डिसेंबरात बाख वारला. हॅम्बुर्गच्या मिखाएलिस चर्चच्या तळघरात त्याची कबर आहे. १७९० मध्ये त्याच्या मालमत्तेची यादी छापली गेली. त्यात हार्पसिकॉर्ड आहे, फ्रिडेरिचीच्या हातचा फोर्टेपियानो आहे, दोन क्लॅव्हिकॉर्ड आहेत, त्यांतल्या फ्रिडेरिचीच्या क्लॅव्हिकॉर्डवर हॅम्बुर्गमधल्या बहुतेक साऱ्या रचना केल्या अशी नोंदही आहे. सिल्बरमान अर्थातच नाही. पुढे बायको आणि नंतर ती अविवाहित मुलगी, अ‍ॅना कारोलीना, वडिलांची हस्तलिखितं सांभाळत आणि नकला करून विकत राहिल्या. १८०४ मध्ये मुलगीही गेली. तोवर दिवाणखाने मोठे झाले होते, पियानो मोठे झाले होते, आणि क्लॅव्हिकॉर्ड माळ्यावर गेलं. पुन्हा त्याच्याकडे लोकांचं लक्ष वळलं ते अर्नोल्ड डॉल्मेचने लंडनमध्ये १८९४ साली नवं क्लॅव्हिकॉर्ड बनवल्यावर.

आज हा रोंडो ऐकणं अवघड नाही. हंगेरीचा वादक मिक्लोश श्पान्यी याने एमानुएल बाखचं एकट्या पट्टीवाद्याचं संगीत मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रित केलं आहे, त्यातला पुष्कळसा भाग क्लॅव्हिकॉर्डवर. पियानोवरची मुद्रणं सुंदर आहेत, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये. क्लॅव्हिकॉर्डवरचं शोधा, आणि ऐकताना एक पथ्य पाळा: आवाज वाढवू नका. यंत्राच्या जोरावर त्याला पियानोएवढं मोठं केलं की पट्ट्यांची खडखड पुढे येते आणि सुराचं आंदोलन मागे पडतं. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या, आणि आवाज इतका कमी ठेवा की ऐकायला थोडं पुढे झुकावं लागेल.